मनगटापर्यंतचा आजार

“आवाज कशाला? बोटं हायेत की!”

हे वाक्य आमचे दलाल इतक्यांदा म्हणत की पेठेतली माणसं भांडतानासुद्धा ते एकमेकांना ऐकवत. चहाच्या दुकानात दोन कप हवे असले की दलाल दोन बोटं वर करत. जेवताना मीठ कमी पडलं की करंगळी उचलत. नको असलेल्या माणसाला नुसता अंगठा दाखवून वाटेला लावत. त्यांच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, की लग्नानंतर कितीतरी दिवस तिला वाटत होतं, नवरा मुका आहे आणि माहेरच्यांनी ही गोष्ट आपल्यापासून लपवली.

पण दलालांचा काय दोष? धंदाच तसा होता. जुन्या पेठा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे माहीत असेल. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या शेवगावला तेव्हा धान्याचा, करडईसारख्या गळिताचा लिलाव तोंडानं होत नसे. शेतकऱ्याची गाडी येऊन उभी राहिली की दलाल आपल्या उजव्या हातावर उपरणं टाकत. एकेक व्यापारी पुढं येऊन त्या उपरण्याखाली हात घाली आणि दलालाची बोटं दाबी. किती बोटं, कुठली बोटं, पेर की अख्खं बोट, यावर भाव ठरे. सगळ्यांचे हात झाले की दलाल उपरणं झटकून सर्वांत चढा भाव बोलून टाकत. शेतकऱ्याला ऐकू येई तो एवढाच. उपरण्याखाली काय झालं हे एक दलाल जाणे आणि एक परमेश्वर. आणि परमेश्वराचा पेठेशी फारसा व्यवहार नव्हता.

तर अशा या धंद्यात आमच्या दलालांचं नाव होतं. शेतकरी म्हणत, “हात सरळ हाय मानसाचा.” व्यापारीही तेच म्हणत, फक्त थोड्या नाराजीनं.

मी समोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर स्वभावानं तिरसट, पण विद्येनं पक्के. तरुणपणी, आधीच्या लढाईत, ते इराकात, बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात काम करून आले होते. आता दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, औषधं मिळत नव्हती, आणि आम्ही दोन-तीन रंगांच्या मिश्रणांवर सारा तालुका सांभाळत होतो. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी मी इतकी सुबक कापून चिकटवी, की अर्धा गुण तिचाच येत असावा असं मला अजून वाटतं.

करडईचा हंगाम भरात होता. अशा एका सकाळी दलाल दवाखान्याची पायरी चढून आले. उजवा हात डाव्या हातात धरून आणला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळून आणावी तसा.

“डाक्टर, हात गेला.”

“कुठं गेला? हा काय, आहे की.”

“हाय, पन माझा न्हाई. रात्री झोपलो तवा हुता. सकाळी उठून बघतो तर लाकूड.”

डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला. नाडी चालू, रंग चांगला, सूज नाही, मार नाही. मग टाचणी घेतली. बोटांना टोचली, तळहाताला टोचली. दलाल खिडकीतून बाहेर बघत होते. टाचणी मनगटाच्या वर सरकली मात्र, “आई आई!” करून ते उठलेच. डॉक्टरांनी पुन्हा खाली टोचली. पुन्हा काही नाही. मनगटाभोवती जणू बांगडी घातली होती. बांगडीच्या अलीकडे माणूस, पलीकडे लाकूड.

डॉक्टर बराच वेळ त्या मनगटाकडे बघत बसले. मग मला म्हणाले, “कंपाउंडर, गुलाबी बाटली द्या.”

गुलाबी बाटली म्हणजे आम्हाला अजून काही कळलेलं नाही.

पेठेला मात्र ताबडतोब कळलं. आमच्या गावचा हा गुण मी आजवर दुसरीकडे पाहिला नाही. माणसाला शिंक आली तरी दुपारपर्यंत तिची पाच कारणं तयार असत, आणि ही तर चांगली हात गेल्याची गोष्ट. वैद्यबुवा म्हणाले, वात. त्यांनी निर्गुडीचं तेल दिलं. वेशीबाहेरचा देवऋषी म्हणाला, करणी. त्यानं लिंबू उतरवून हाताला काळा दोरा बांधला. जोशीबुवांनी शनीकडे बोट दाखवलं. निवृत्त हेडमास्तरांच्या मते हा चहाचा परिणाम होता. ते स्वतः कोको पीत. आणि चरख्यावर सूत कातणारे आमचे एक देशभक्त होते, त्यांनी दलालांचं उपरणं चिमटीत धरून पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, “मिलचं आहे. दुसरं काय होणार?”

दलालांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. तेल लागलं, दोरा बांधला, अंगारा फासला, शनीला रुईची माळ गेली, चहा बंद झाला, खादीचं उपरणं आलं. शिवाय आमची गुलाबी बाटली होतीच. हातानं एवढे सगळे सोपस्कार निमूटपणे सोसले, कारण त्याला काही कळतच नव्हतं.

पण इकडे धंद्याची पंचाईत झाली. मेलेल्या हाताला दाबलेलं बोट कळणार कसं? आणि डाव्या हातानं सौदा घेणं पेठेत अपशकुनी मानत. दलालांना तर दुसरं काहीच येत नव्हतं. जमीन नाही, दुकान नाही. होता तो एक हात, आणि त्या हाताच्या जिवावर पेठेतली एक जागा. थोरले शेठ, म्हणजे पेठेतले सर्वांत मोठे खरेदीदार, त्या जागेवर दुसरा दलाल बसवण्याची भाषा करायला लागले होते.

एके दिवशी शेठ स्वतः दवाखान्यात आले. “डॉक्टरसाहेब, खरं सांगा, हाताला काय झालंय?”

डॉक्टर म्हणाले, “हाताला काहीही झालेलं नाही. पण—”

शेठ ‘पण’ ऐकायला थांबले नाहीत. ते ‘काहीही झालेलं नाही’ एवढं घेऊन पायऱ्या उतरले. डॉक्टरांचं वाक्य अर्धंच पेठेत गेलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं सोंग झालं. दलाल सोंग करतोय! कशासाठी? याचीही कारणं लगेच तयार झाली. कोणी म्हणालं, दलालीचा दर वाढवून मागायचाय. कोणी म्हणालं, कामाचा कंटाळा.

आमच्या पेठेजवळ आजारांसाठी दोनच पोती होती. एक खऱ्या आजारांचं, एक सोंगांचं. तिसरं पोतं ठेवायला जागाच नव्हती.

मग परीक्षा सुरू झाल्या. पेठेतल्या शिंप्यानं सुई दिली. चहाच्या दुकानात दलाल टेकले की कोणीतरी गप्पा मारता मारता त्यांच्या हाताला टोचून बघे, आणि बाकीचे त्यांच्या डोळ्यांकडे बघत. पापणी लवली की सोंग उघडं पडणार! पापणी लवत नसे. शेवटी एका शहाण्यानं त्यांच्या नकळत पेटती विडी हाताला टेकवली. दलाल बोलतच राहिले. घरी गेल्यावर बायकोनं फोड पाहिला आणि हंबरडा फोडला.

त्या दिवशी पेठ थोडी वरमली. दुसऱ्या दिवशी निर्णय झाला, की माणूस सोंगात चांगलाच मुरलेला आहे.

फोडाला मलमपट्टी करायला दलाल माझ्याकडे आले तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. “कंपाउंडर, म्या लबाड हाय का? तुमी तरी सांगा. मला बी आता कळंना. समदे म्हनत्यात तर आसन बी.”

पडद्याआडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी क्वचितच ऐकलं असेल.

“तुम्ही लबाड नाही. सोंग करणारा माणूस टाचणीला घाबरतो. तुमचा हात खरंच गेलाय. पण नस तुटून गेलेला नाही. नस तुटली तर एखाद-दोन बोटं जातात, हाताची एक कड जाते. बांगडी घातल्यासारखी सरळ रेघ मारून हात जात नाही. तार शाबूत आहे तुमची, पण तारेतून निरोप जात नाही. बसऱ्याला मी धडधाकट शिपाई पाहिलेत, अंगावर ओरखडा नाही आणि पाय चालत नाहीत. साहेब लोक त्यांना भित्रे म्हणायचे. ते भित्रे नव्हते. त्यांनी काहीतरी पाहिलं होतं, नाहीतर केलं होतं, आणि ते त्यांना तोंडानं सांगता येत नव्हतं. मग ते पायानं सांगितलं.”

दलाल रडायला लागले. मोठा माणूस, गलमिशांचा, असा रडताना बघणं बरं वाटत नाही. ते कशानं रडले हे मला नंतर कळलं. इतक्या दिवसांत ‘तुमचा हात खरंच गेलाय’ असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं.

“उपरण्याखाली जेवढा हात जातो, तेवढाच गेलाय तुमचा,” डॉक्टर म्हणाले. “हात गेला त्याच्या आदल्या दिवशी त्या उपरण्याखाली काय झालं?”

आणि मला म्हणाले, “कंपाउंडर, तुम्ही आत जा.”

आत म्हणजे पडद्याच्या आत. पडदा पातळ मांजरपाटाचा होता. आमच्या दवाखान्यात गुप्तता पाळली जाई ती एवढीच.

दलाल अडखळत बोलायला लागले.

“भैनीची गाडी आल्ती, डाक्टर. धाकली भैन. तिचा मालक पलटनीत, तिकडं मिसर देसात. ती एकलीच शेत करती. एक बैल मेला तिचा. दुसरा घ्यायचा म्हनून समदी करडई गाडीत घालून आली. मला सांगितलं बी न्हाई आदुगर. गाडी हुबी ऱ्हायली, आन् समदी पेठ माझ्या तोंडाकडं बघाया लागली. दलालाच्या भैनीची गाडी! एका बारक्या व्यापाऱ्यानं बोट दाबलं. चांगलं दाबलं. माल बी झ्याक हुता तिचा. मंग शेठनी हात दिला, त्यांचं बोट लई कमी. आन् माझ्या मनात आलं, चढा भाव बोललो तर ही म्हनतील, भैनीची गाडी म्हनून दलालानं फुगवला. आजवर कोनी नाव ठेवलं न्हाई मला.”

“मग?”

“मंग शेठचा भाव बोललो.”

“तो बारका व्यापारी काही म्हणाला नाही?”

“शेठच्या म्होरं त्यो काय बोलतोय? बघत ऱ्हायला नुसता. आन् भैन… तिनं हात धरला माझा. ह्योच. डोळ्यांला लावला. म्हनली, दादा, तू हुतास म्हनून निर्धास्त इकली बग. बैल घेन्याइतकं काय झालं न्हाई, पन तुझ्या हातानं इकलं त्येच्यात समाधान हाय.”

पडद्याआड माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. लक्षात घ्या, या माणसानं पैसे खाल्ले नव्हते. लाच घेतली नव्हती. आपण प्रामाणिक दिसावं म्हणून त्यानं अप्रामाणिकपणा केला होता, आणि तो सख्ख्या बहिणीशी. अशी चूक करायला नावाला जपणारा माणूसच लागतो. लबाडाला हे जमलंच नसतं.

“हे मला सांगून काय उपयोग?” डॉक्टर म्हणाले. आवाज पुन्हा तिरसट झाला होता. “मी काही करडई विकली नव्हती. जिची विकलीत तिला जाऊन सांगा. हात परत येईलच असं वचन मी देत नाही. पण कंपाउंडरला बरोबर न्या, पट्टी बदलायची आहे.”

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी मी आणि दलाल बैलगाडीनं त्यांच्या बहिणीच्या गावी गेलो. गाव गंगेच्या काठी, म्हणजे गोदावरीच्या. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. बहीण अंगणात मूग पाखडत होती. भावाला बघून तिचा चेहरा फुलला, हाताला बघून कोमेजला.

“दादा, लई ऐकलं मी. करणी केली म्हनं कोनी?”

“म्याच केली,” दलाल म्हणाले. आणि उभ्या उभ्या, तिनं पाणी आणायच्या आत, सगळं सांगून टाकलं.

माझी कल्पना अशी होती, की आता ती रडेल, भावाच्या गळ्यात पडेल आणि म्हणेल, जाऊ दे दादा. पुस्तकं वाचून आपल्या कल्पना अशा बिघडतात. तिनं हातातलं सूप खाली आपटलं.

“न्यायाचा दलाल व्हय रं तू? परक्याच्या मालाला चढा भाव, आन् भैनीच्या मालाची लाज? माझी करडई काय चोरीची हुती? त्या एका बैलावर कशी कुळवनी केली मी, ठाव हाय तुला? शेजाऱ्याच्या पाया पडून बैल आनला! आन् मी येडी, तुझा हात डोळ्याला लावते!”

ती बोलत होती आणि दलाल खाली मान घालून ऐकत होते. मध्येच तिनं त्यांचा उजवा हात उचलला, त्या पट्टीकडे, तिच्याभोवतीच्या टोचल्याच्या खुणांकडे पाहिलं. क्षणभर तिचा आवाज फिरला. “आन् ह्ये कोनी केलं?” पण उत्तर ऐकायच्या आत ती पुन्हा चढली. “आसू दे! मला काय सांगतो घरात येऊन? पेठेत सगळ्यांच्या म्होरं कमी भाव बोललास, आता सगळ्यांच्या म्होरं खरा भाव बोल!”

मग तिनं आम्हाला जेवायला वाढलं. भाकरी ताटात अशी आपटली की मी दचकलो. पण भाकरीवर तेलाची धार सोडायला ती विसरली नाही, आणि भावाला डाव्या हातानं खाता येईना तेव्हा तिनंच भाकरी कालवणात कुस्करून दिली, एकीकडे बोलतच.

परतताना दलाल उजवा हात गाडीच्या दांड्यावर ठेवून बसले होते. वेस दिसायला लागली तेव्हा म्हणाले, “कंपाउंडर, गाडीचा दांडा तापलाय का हो?”

मी हात लावला. उन्हानं चांगलाच तापला होता.

“तर मंग,” ते म्हणाले, “करंगळीला कळतंय वाटतं.”

पुढच्या दिवसांत एकेक बोट परत आलं. अंगठा सर्वांत शेवटी आला. पेठेला बातमी लागली आणि जे आधी रोगाची कारणं सांगत होते ते आता गुणाची कारणं सांगायला लागले. वैद्यबुवांनी निर्गुडीच्या तेलाचा भाव वाढवला. देवऋष्याकडे लिंबांची रीघ लागली. जोशीबुवा म्हणाले, शनी वक्री होता, तो आता मार्गी झाला. देशभक्तांनी खादीच्या उपरण्यावर सभेत भाषण केलं. आमच्या गुलाबी मिश्रणालाही मागणी वाढली, आणि खरं सांगतो, मी कोणालाही ‘नाही’ म्हटलं नाही.

मग बाजाराचा दिवस आला. दलाल आपल्या कट्ट्यावर उभे राहिले. गाड्या लागल्या होत्या, व्यापारी जमले होते, शेठ पुढं होते. दलालांनी उपरणं खांद्यावरच ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. ते इतकं मोठ्यानं बोलू शकतात हे गावाला ठाऊकच नव्हतं. बहिणीच्या करडईला उपरण्याखाली कोणी काय भाव दाबला होता, शेठनी काय दाबला होता आणि आपण कुठला बोललो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. “चूक माझी हुती,” म्हणाले. “हात त्यापायी गेल्ता.”

मग शेतकऱ्यांच्या बाजूनं एक म्हातारा म्हणाला, “शाब्बास रं गड्या!” पण त्यानंही घाईनं इकडेतिकडे पाहिलं. त्याची गाडी अजून विकली जायची होती.

दलालांनी उपरणं हातावर टाकलं आणि पहिल्या गाडीशी जाऊन उजवा हात पुढं केला. आता व्यापाऱ्यांनी एकेकानं येऊन हात द्यायचा.

शेठ पुढं आले. त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडून मोठ्या आदरानं नमस्कार केला. “बरे झालात, आनंद झाला,” म्हणाले आणि बाजूला सरले. दुसरा व्यापारी आला, त्यानंही नमस्कार केला. तिसऱ्यानंही. तो बारका व्यापारीसुद्धा आला, खाली बघत, हात जोडून. एवढा नमस्कार दलालांना उभ्या आयुष्यात कधी मिळाला नसेल. उपरण्याखालचा भाव जो मोठ्यानं बोलतो त्याच्या हातात हात कोण देणार? वाईट शब्द एकानंही काढला नाही.

दलाल दुपारपर्यंत तसेच उभे होते. मग ते दवाखान्याच्या पायरीशी आले. डॉक्टर बाहेर येऊन उभे होते.

“हात कसा आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“हात ठनठनीत हाय, डाक्टर,” दलाल म्हणाले. “आता त्यात हात देनारा कोनी न्हाई.”

त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला, माझाही धरला, आणि गंगेच्या वाटेनं बहिणीच्या गावाकडे चालायला लागले. पेठेचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. ते पुन्हा पेठेत दिसले नाहीत.

पुढच्या बाजारी कट्ट्यावर नवा दलाल उभा होता. माणूस चांगला, बोटं चलाख. शेठनी त्याला फार चौकशी करून निवडलं होतं. त्याला बहीण नव्हती.